लाल रंगाचा दगड

प्रिय पवन,

दोर बांधून झाला आहे. गाठ दसरूकाकाने मारली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. वाटेच्या कडेला दगड अजून उभा आहे, आणि त्याच्या सावलीत बसून मी हे लिहिते आहे. उद्या उजाडलं की तो काढायचा, असं गावाने ठरवलं आहे.

तुझी मालिका आम्ही आश्रमशाळेच्या टीव्हीवर पाहिली. पवन बोलणार आहे, असं आई घरोघरी सांगून आली होती. सरलेल्या दशकाची गोष्ट. नोटांसाठीच्या रांगा, हातोहाती आलेले मोबाइल, निवडणुकांच्या सभा, शहरातले मोर्चे, वरातीतली गाणी. तुझा आवाज छान लागला आहे. त्यात ‘मले’, ‘तुले’ औषधालाही उरलेलं नाही. आईला मराठी जेमतेम कळते, तरी तुझ्या प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती.

मग जंगल आलं. उंचावरून घेतलेली झाडं, ढोल, आणि वाटेकडेचा लाल दगड. तू म्हणालास, बंदूकवाल्यांनी मेलेल्या साथीदारासाठी उभारलेलं हे स्मारक. सगळे आईकडे पाहू लागले. ती अजून मान हलवत होती.

पवन, तो बाबाचा दगड आहे.

बाबा तापाने गेला, नाल्याला पूर होता तेव्हा, खाटेवरून दवाखान्यात नेताना. तू पुण्यात परीक्षा देत होतास. ते मी कधी काढलं नाही. उन्हाळ्यात भाऊबंदांनी डोंगरातून दगड निवडला, खांद्यावर आणला, रोवला, कोंबडं दिलं. तेव्हाही तुला सुट्टी नव्हती. दगड वाढला तर गेलेला माणूस सुखी आहे, म्हणून आई दरवर्षी त्याला छाती लावून उंची बघते. लाल रंग तिनेच दिला, घरकुलाच्या दारांचा उरलेला. तुमच्या लोकांना लाल दिसलं, तेवढं पुरलं. त्यांनी लिहून दिलेलं तू वाचलंस. वाचताना समोर चित्र होतं ना?

पुढच्या आठवड्यात मोटारसायकलवरून दोघं आले. दगडाचे फोटो काढले, कोणाचा म्हणून विचारलं आणि आपण कोण ते न सांगता गेले. गाव घाबरलं. मी तुला फोन लावत राहिले. शेवटी तुझ्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, दुरुस्तीचं पुढच्या भागांच्या वेळी बघू. बघा. सावकाश बघा.

दगड काढू नका म्हणून गावाच्या बैठकीत मी भांडले. मुखरू पाटलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, दगड कोनाचा ते आमाले ठाव हाये. पन टीव्हीत त्याचाच पोरगा बोलून राह्यला. आमचं कोन आयकन?” याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर ते त्याच आवाजात दे, त्याच टीव्हीवर, बाबाचं नाव घेऊन. लालसू. विसरला असशील म्हणून लिहिलं.

आई रागावत नाही, याचा मला जास्त राग येतो. तुला बापाचा दगड कोणी दाखवलाच नाही, मग तू तरी कसा ओळखणार, असं ती म्हणते. हे पत्र दगड वाचवायला नाही. ते तुझ्या हाती पडेल तेव्हा इथे खड्डा असेल. आईने लिहायला लावलं आहे. दगड आपण घरामागच्या मोहाच्या झाडाखाली आडवा ठेवणार आहोत. तू कधी आलास तर पुन्हा चुकू नयेस, म्हणून जागा कळव म्हणाली. कळवली.

तुझी बहीण,
रंजीता

सकाळी दगड काढला. पहिला दोर तुटला, दुसरा आणला. आता तो मोहाखाली आहे. आई राखेने घासते आहे. रंग निघत नाही.