गडगडाटानंतरची परीक्षा

१६ मार्च
माझा गुडघा — तसाच. मेंढ्या — ठणठणीत. जावई — सर्दी, पण थाट न्यूमोनियाचा. नात शांडीन — टकळी चालू, म्हणजे बरी.
दुपारी वर्षाचा पहिला गडगडाट झाला! शांडीनला बजावलं, "संपला हिवाळा. आता बर्फ पडेपर्यंत कोल्ह्याच्या गोष्टी बंद."
"आणि सांगितली तर?"
"घरात साप येतो."

१८ मार्च
आज शाळेत भाषेची परीक्षा. जानेवारीतच होती, बर्फाने रस्ते बंद म्हणून लांबली. शांडीनच्या वर्गात अर्धा दिवस आमची नाव्हाहो भाषा, अर्धा दिवस इंग्रजी. नाव्हाहोत नापास, तर रवानगी नुसत्या इंग्रजीच्या वर्गात. मला घोर नाही. ही पोर मेंढीलासुद्धा बोलू देत नाही.

१९ मार्च
शून्य!
तिच्या शिक्षिकेचा, लव्हर्नबाईंचा फोन. "आजी, तोंडच उघडलं नाही हो. चित्रं बघून गोष्ट सांगायची होती."
कसली चित्रं?
"कोल्ह्याची."
घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ.

२० मार्च
शाळेत गेले. परीक्षा घेणारी आर्लेटा आपल्यातलीच, पण फिनिक्स शहरात वाढलेली. भाषा कॉलेजात शिकली. म्हणाली, "चित्रं बदलता येत नाहीत, आजी. सगळ्यांना तीच. उद्या शेवटची संधी देते. तुम्हीच समजवा ना तिला."
परतताना गाडीत समजावलं — "उद्यापुरती सांग. सापाचं मी बघते." माझं मलाच ते बोलणं गोड लागलं नाही.

२१ मार्च
परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. आर्लेटाने चित्र पुढे ठेवलं. शांडीनने ते पालथं केलं. आणि मग जी सुटली! कोल्हा आत्ता का नाही, गडगडाटाने साप कसे जागे होतात, कसे कान देऊन ऐकतात... "आणि आजीचा गुडघा दुखतो. तिला पळता येत नाही. साप आला तर तुम्ही येणार आहात का फिनिक्सहून?"
इंग्रजी शब्द औषधाला नाही.
मी गुडघा चोळत बसले. दुसरं काय करणार?
संध्याकाळी लव्हर्नबाईंचा फोन — सगळ्यात वरची श्रेणी. वर्ग तोच!

२४ मार्च
आर्लेटाचा फोन. मला वाटलं, फिरवला निकाल. पण म्हणाली, "आजी, त्या चित्रातली गोष्ट मला कधी कुणी सांगितलीच नाही."
म्हटलं, बर्फ पडला की ये. आणि येतेस की नाही ते लवकर कळव गं — पाहुण्यासाठी कापायची मेंढी आधी ठरवावी लागते.