मोहाखालची जागा

मंगळवार, संध्याकाळ

आज मोहाखालचा पाला झाडून राह्यली होती, तर भासरे, माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ, आले. म्हणे, "तुह्या कानात आवाज येतात. यंदा हे झाड माह्या सुनेले दे." काऊन? नवरा गेल्यापासून मीच झाडते इथी. अन् आमच्या गावात जो खालची जागा झाडते, फुलं त्याचीच. धानोऱ्याहून नर्सबाई गोळ्या आणून देते, मी एकही चुकवत नाई. आवाज अजून येतात, पण हळू.

भांडली नाई मी. भासऱ्यांच्या पायाजवळचा पालाही झाडला, तेव्हा हटले ते मागं. खराटा मुद्दाम तिथीच, बुंध्याले टेकवून आली.

पहाटे फुलं वेचाले जायचं हाय. डोक्यातले आवाज म्हणतात, जाऊ नको. भासरेही तेच म्हणतात. आवाजांचंच ऐकत नाई, तर भासऱ्यांचं काऊन ऐकू?