शेजारणीच्या फ्रिजवरची डबी

माझ्या मनगटात चार दात रुतवलेस आणि तशीच निघून गेलीस. वर्ष होत आलं, खूण जात नाही. भांडी घासताना ओल्या हातावर जास्तच उठून दिसते.

सुरेखा, सुनेनं सासूला चावायचं आणि सासूनं तिला पत्र लिहायचं, ही पाळी तूच आणलीस. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षर लावून वाच. येत्या रविवारी आपल्या गोडादऱ्याच्या घरी कानबाई देवी बसते आहे. म्हणून आज लिहिते.

मागच्या श्रावणात तुझं गर्भाशयाचं दुखणं हाडात उतरलं होतं. दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. नर्सबाईनं तिच्या गुजरातीत बजावलं होतं, "माजी, दुखावो थाय एनी राह नई जोवानी." दुखण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघून द्यायची, आपल्या मनानं बंद करायची नाही. वर पोट साफ व्हायचं औषध. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

मग तुझे चुलतसासरे नाना आले. गोळ्या कशाच्या, विचारलं. तुझी पूनम बोलून गेली, अफूपासून बनतात. झालं. "देवीच्या घरात अफू? दोन दिवस काढ बाहेर." हुकूम त्यांचा, पण डबी उचलली मी. समोरच्या शेजारणीच्या फ्रिजवर ठेवून आले. दहा पावलं, सुरेखा. मी मोजली आहेत.

रविवारी दुपारी बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या आणि तू खाटेवर फडफडत होतीस. घामानं चिंब, ओकाऱ्या. "आत्याबाई, मरी गऊ वं." भिंतीवर डोकं आपटलंस, चुन्याला रक्त लागलं. पाय झाडलास तो चौरंगाला लागला, देवीचा नारळ गडगडत मोरीपाशी गेला. नानांनी तुझे केस धरले. "तोंड बांधा हिचं."

मी पदराचा बोळा तुझ्या तोंडात कोंबला. तू चावलीस. मी थोबाडीत मारली.

मरणाऱ्या बाईला थोबाडीत. रक्त माझं आणि थप्पडही माझीच.

पाट उचलला होता मी, नानांच्या टाळक्यात घालायला. हातात तोलला पण. मग खाली ठेवला आणि त्यावरच देवीच्या नैवेद्याचे रोट लाटायला बसले. तू ओरडत होतीस आणि माझे रोट गोल येत होते.

सोमवारी तापीत विसर्जन झालं तेव्हा डबी आणली. गोळी दिली. अर्ध्या तासात तुझ्या कपाळाच्या आठ्या सुटल्या. डोळे उघडून काय विचारलंस? "रोट उरला का?" अगं, दोन शिव्या द्यायच्या होत्यास. शिव्यांवर मला उत्तर होतं.

आता ऐक. नानांच्या जबड्यात गाठ निघाली. तंबाखूनं केलं म्हणतात. गोळ्या त्याच. शनिवारी नवागामहून डबी घेऊन आपल्याकडे येणार. पूनमनं विचारलं, "आजी, नानांच्या गोळ्या कुठं ठेवायच्या?"

मी म्हणाले, "शेजारणीच्या फ्रिजवर." खोटं कशाला सांगू, बोलताना जीभ गोड झाली होती. बघू दे म्हटलं थेरड्याला, दोन दिवस कसे जातात.

पोरीनं माझं मनगट धरलं. "मग तोंड कोण दाबणार? तूच?"

तुझ्यावर गेली आहे. चावते पण दात दिसू देत नाही.

सांगते तुला, डबी चौरंगावर राहील, कानबाईच्या उजव्या हाताला. पूनमच्या फोनचा गजर झाला की गाणी थांबतील, आरतीही थांबेल, आणि मी माझ्या हातानं त्यांना गोळी देईन. एकही चुकणार नाही. कोणी भाऊकीतला सोवळ्याचं कारण काढून आडवा आला तर पाट हाताशीच आहे. या वेळी खाली ठेवणार नाही.

गोळी लागू पडली, नाना जरा टेकून बसले, की पूनम हे पत्र सगळ्या भाऊकीसमोर वाचेल. गोळी आधी, पत्र मागून. उलटं करणार नाही. तसं केलं तर मी आणि ते एकच.

माझं उत्तर मी वर तुझ्याकडे येईन तेव्हा देईन. या पत्राचं उत्तर नानांनी द्यायचं, दुसऱ्या कोणी मध्ये तोंड घालायचं नाही. नाना, जबडा उघडत नसेल तर वहीवर लिहून द्या.

मनगटवाली तुझी सासू,
वत्सला