साहेबांसाठी सडा

१७ जानेवारी, शुक्रवार
सुवर्णाकडे हळदीकुंकू झालं. साइटच्या मागच्या गल्लीतल्या बाया झाडून हजर. मी दारातच थांबले. म्हटलं, अगं, मला कपाळ पुसलेलीला कशाला ओढतेस आत? तर म्हणे, "मावशी, दारात रांगोळी काढायला कुंकू लागत नाय." आणि वाण हातात ठेवलंच. छोटा प्लास्टिकचा डबा, आत रांगोळी. सगळ्यांना तेच. भागीबाईनं नाक मुरडलं, पण डबा मात्र पदराखाली घेतला.
साइटवर झाडू मारणारी पोर. दुसरं काय देणार? पण मनापासून दिलं. हे गेल्यापासून मला कुणी वाण दिलं नव्हतं. डबा देवाशेजारी ठेवलाय.

१८ जानेवारी
रांगोळी जरा राखाडी आहे, पण चिमटीतून मैद्यासारखी सुटते. कमळ काढलं. चांगलं जमलं.

२० जानेवारी, सोमवार
आज माझ्या टपरीवर चहापेक्षा बोलणं जास्त उकळलं. साइटवर नवीन सेफ्टी मॅडम आल्यात — निकिता. वय माझ्या नातीएवढं, डोक्यावरची टोपी डोक्याहून मोठी. पाडलेल्या जुन्या गोदामाच्या पत्र्याचा तुकडा त्यांनी बघितला आणि तिथलं काम बंद करायला लावलं. म्हणाल्या, या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. (शब्द त्यांच्याकडून बिस्किटाच्या पुड्यावर लिहून घेतला. लेकीच्या बालभारतीवरून वाचायला शिकले मी, त्यात हा नव्हता.) पत्रा कापला, फोडला की त्याचे तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी जागे होतात.
मल्हारी मुकादम म्हणाला, "मॅडम, तोवर ही नवी बिल्डिंगपण पडंल."
सगळे हसले. मीपण हसले. तेवढ्यात सुवर्णा खोकली.
पत्रे कापायच्या कटरखालची धूळ दिवाळीपासून तीच झाडत होती. कोरडीच, नाकाला पदर लावून. टँकरचं पाणी सिमेंटला, झाडूला नाय — हा मल्हारीचाच कायदा.

२२ जानेवारी
एका आवारात तीन ठेकेदार. एक पाडतो, एक बांधतो, एक खाली नळ पुरतो. धूळ कुणाची हे ठरवायला तिघं माझ्याच बाकड्यावर बसले. पाडणारा म्हणाला, आम्ही पत्रे अख्खे उतरवले, कापले त्यांनी. बांधणारा म्हणाला, आम्हाला कुंपणाला लागले तेवढेच कापले, फोडले त्यांच्या जेसीबीनं. नळवाला म्हणाला, आम्ही जमिनीखाली असतो, वरचं आम्हाला दिसत नाही. शेवटी सगळं वाऱ्यावर ढकललं. वाऱ्याला बोलावलं असतं तर तोही म्हणाला असता, मी त्या दिवशी पंचवटीत होतो.
चहा कुणाचा, यावरही एकमत झालं नाही.
मॅडम मागं थांबल्या. म्हणाल्या, बाहेरून तपासनीस साहेब मशीन घेऊन येतायत. हवेतल्या धुळीत ते सापडलं, तर कापणाऱ्या-झाडणाऱ्या सगळ्यांची छाती कंपनीनं तपासायची, पुढंही दरवर्षी तपासत राहायचं. नाही सापडलं तर कुणीच कुणाला विचारणार नाही.
म्हणजे सुवर्णाचं सगळं त्या मशीनच्या हाती.

२५ जानेवारी
सुवर्णाला गवती चहा दिला. खोकला तसाच.

२७ जानेवारी, सोमवार
साहेब उद्या येणार. मॅडम मीटिंगला पुण्याला गेल्यात. मी मल्हारीला म्हटलं, एवढा मोठा माणूस येतोय आपल्या सुवर्णासाठी आणि आवार पारोसं? त्याला काय वाटलं कोण जाणे, माझं कधी न ऐकणारा माणूस लगेच टँकर घेऊन आला. आम्ही बायांनी पदर खोचले. कोपरान् कोपरा धुतला, गेटापासून गोदामापर्यंत सडा घातला. सुवर्णानं स्वतःच्या डब्यातली रांगोळी आणून गेटात मोर काढला, खाली सुस्वागतम्. पाय ठेवू नये असा.
पाहुण्याला कळू दे, आम्हीपण माणसंच आहोत.

२८ जानेवारी
साहेब भले माणूस. मास्क लावून आले, मोराला वळसा घालून आत गेले, मग परत येऊन त्याचा फोटो काढला. मशीन दिवसभर घुंऽ करत बसलं होतं. मी त्यालाही चहा विचारणार होते.
दुपारी मॅडम आल्या. ओली जमीन बघितली आणि तोंड एवढंसं झालं.
"मावशी, पाणी कुणी मारलं?"
"मी," म्हटलं. छाती फुगवून.
त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट. म्हणाल्या, "ओली केली की धूळ खाली बसते, मावशी. रोज असं केलं असतं तर फार बरं झालं असतं. आजचा एक दिवस तेवढं नको होतं."
चोराची पावलं शोधायला पोलीस यायचे आणि आपण अंगण सारवून ठेवायचं. शहाणी गं बाई मी.

५ फेब्रुवारी, बुधवार
कागद आला. हवा स्वच्छ. मल्हारी सगळ्यांना सांगत फिरतोय, "नाशिकची हवा पयल्यापास्नंच चांगली." तिन्ही ठेकेदारांनी मिळून पेढे वाटले. एकमत झालं एकदाचं!
सुवर्णाचा खोकला थंडीचा ठरला. तिनंही पेढा खाल्ला. म्हणाली, "सुटले बाई." मला गिळवला नाही.

६ फेब्रुवारी
मॅडमना गाठून म्हटलं, माझ्या सड्यानं बिघडलं ते मीच निस्तरते, काय करू सांगा. त्या म्हणाल्या, ते पत्रे आणि राडारोडा गाडीत भरून गेला, जमीन तुम्ही धुतली. तेव्हाची चिमूटभर धूळ मिळाली तरी प्रयोगशाळेत पाठवते. पण हात लावू नका, आधी ओली करा.
आख्खी साइट पालथी घातली. एरवी भाकरीत करकरते, आज चिमूट मिळेना.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तिन्हीसांजेला सुवर्णाकडे गेले. विचारलं, तू झाडलेली धूळ टाकत कुठं होतीस गं?
ती खाली बघायला लागली. "समदी नाय टाकली."
"मग?"
"चोरी नाय केली, मावशी. कटरखालची लय बारीक होती. दुकानातल्यावानी. वाया कशाला घालवायची? घरी आणून वस्त्रगाळ केली."
मी म्हटलं, बरं झालं पोरी, चिमूटभर दे मला, तुझंच काम होईल.
"माझी तर त्या मोरात संपली." मग माझ्याकडं बघून हसली. "तुमच्याकडं हाय की, मावशी. वाणाचा डबा."
मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मग तिला सगळं सांगितलं. ती हसायची थांबली. पहिल्यांदा तिनं आपले हात बघितले.

८ फेब्रुवारी, शनिवार
डबा ओल्या फडक्यात बांधून पिशवीला गाठ मारलीय. मॅडम नऊला येतील.
आज माझं दार कोरं. गल्लीत बाकी सगळ्या दारांत रांगोळ्या आल्यात. समोर भागीबाईची नात उकिडवी बसून बोटानं रंग भरतेय, मधेच फुंकर मारतेय.
बादली भरलीय. सुवर्णा दुसरी घेऊन आलीच. पहिला सडा भागीबाईच्या दारात.