फियाटच्या नावाखालची हळद

१६ मार्च, रविवार

आलं! पार्सल आलं! बोनेटवरचं नाव, डिकीवरचं नाव, दारांच्या चंदेरी पट्ट्या — सगळं नवंकोरं. हळदीच्या पोत्यावर मांडून किती वेळ बघतच बसले. एवढा आनंद लग्नातल्या दागिन्यांचाही झाला नव्हता. (नवऱ्यानं, भरतेशनं, हे वाचलं तर मेलेच!)

फियाट मामंजींची, त्र्याहत्तर सालातली. ते गेल्यापासून गोदामात धूळ खात होती. गेल्या वर्षी हट्टानं इंजिन करून घेतलं, रंगही दिला. रंगाऱ्यानं जुनी नावं काढली ती हरवलीच, वर भोकंही पुट्टीनं बुजवून टाकली. तेव्हापासून गाडी कशी ओकीबोकी दिसते.

भरतेशला आता हळदीच्या सीझनला जागा हवीय. त्याचं एकच म्हणणं — पाडव्याला आई गाडीत बसली तर गाडी राहील, नाहीतर विकायची. मी सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी मागं बसणार न्हाई." मामंजी कायम मागं बसायचे, शेजारी ह्या. आठवण येत असणार. मग पुढं बसा म्हटलं, तर भाकरी उलटली नुसती.

१८ मार्च

लावलं! माझ्या हातानं लावलं!

नावांच्या मागं स्क्रूची दोन-दोन खुंटं होती. पण बोनेटला भोकंच नाहीत. मग खुंटं काढून ठेवली आणि दोन्हीकडून चिकटणारी टेप लावली. दुकानदार फोनवर म्हणाला होता, पत्रा स्पिरिटनं पुसा, कोरडा ठणठणीत करा. केला की!

पण आमच्या घरात नवा वजनकाटा येवो की नवा फ्रीज, हळदीचं बोट लावल्याशिवाय काही सुरू होत नाही. वरून लावलं तर रंगावर डाग पडणार. म्हणून मी शहाणीनं तेलात हळद कालवली आणि नावाच्या बरोब्बर खाली, दिसणार नाही असं बोट लावलं. प्रत्येक पट्टीखालीसुद्धा! शकुनही झाला, रंगही वाचला. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

२० मार्च

छे! छे! छे!

विश्रामबागेपर्यंत नेली. लोक वळून वळून बघतायत, मी हवेत. मागनं एक रिक्षावाला हॉर्न मारत आला — "ताई, गाडीचं नाक पडलंय बघा तुमच्या." बोनेटवरचं नाव गायब! दाराची पट्टी लोंबतेय! मागं चालत जाऊन नाव शोधलं, एक कोपरा खरचटलाय. उलटून बघते तर टेप पिवळीजर्द. तेल लावल्यावर कधी काही चिकटतं का? रोज तेल हाताळणारी बाई मी, एवढंही सुचू नये!

भरतेश पोट धरून हसला. मग म्हणाला, पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाडव्याला दुपारी बोलावून ठेवतो. हसणं परवडलं, पण हे नाही.

२१ मार्च

रडले. बस.

२३ मार्च, रविवार

काय झालं आज! काय झालं!

शेजाऱ्यांचं ड्रिल आणलं होतं. हळदीचं तेल पुसून काढलं, खुंटं परत बसवली. भोकं पाडायची आणि खालून नटानं आवळायचं. पण पाडायची कुठं? बोनेटवर एकदा चुकलं की संपलं. माझा हात काही धजेना.

तेवढ्यात दारात आत्याबाई. मामंजी गेल्यापासून गोदामाचा उंबरा न ओलांडलेल्या! पदर खोचला, सरळ गाडीपाशी आल्या, मला बोनेट उचलायला लावलं. खालच्या अंगानं बोट फिरवलं. "हितं बघ. न् हितं."

भोकं तिथंच होती! रंगाऱ्यानं फक्त वरून बुजवलेली. खिळ्यानं टोचल्यावर पुट्टी भुगा होऊन पडली. ड्रिल लागलंच नाही. वर मलाच शिकवतात — नटाखाली रबर घाल, पार आवळू नको, पत्रा बसतो. दारांची भोकंही तशीच मोकळी केली आणि पट्ट्या तर त्यांनीच पार्सलातल्या क्लिपांवर दाबून बसवल्या, टक टक टक. तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक, विचारलं. ठाऊक हाय, म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

हळदीचं बोट या वेळी टायरला लावलं. शिकले हो मी!

२९ मार्च

उद्या पाडवा. गाडी अशी झळकतेय की नजर ठरत नाही. कृष्णेच्या पुलावरून दोनदा नेऊन आणली — एक पट्टी हलली नाही.

आत्याबाईंना परत विचारलं. पुन्हा तेच. मागं बसणार नाही. एवढी कामाला लागलेली बाई, आणि बसायला नको! गेली माझी गाडी.

३० मार्च, पाडवा

सकाळी गाडी पटांगणात काढून मागचं दार उघडून धरलं. शेवटची आशा. आत्याबाई मला वळसा घालून पुढं गेल्या, ड्रायव्हरच्या बाजूला. "किल्ली आण. मागं बसणार न्हाई म्हटलं हुतं न्हवं?"

स्टेअरिंगजवळचा गिअर खाली न बघता टाकला. पटांगणाला तीन फेऱ्या! भरतेश आ वासून उभा. मग त्यानंच पुण्याला फोन करून येऊ नका सांगितलं.

उतरल्यावर आत्याबाईंनी सांगितलं — भरतेश पोटात होता तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी किल्ली काढून घेतली आणि ड्रायव्हर ठेवला. त्याआधी ही गाडी त्याच चालवायच्या.