दुकानातला चंद्र

वाशीम,
ता. २० ऑगस्ट १९७८

चि. जतन हीस,

अनेक आशीर्वाद. त्यात 'उत्तम' हा शब्द घालायची सवय आहे, पण आज हात वळत नाही.

इथे सर्व मंडळी शरीराने खुशाल आहेत. मनाचं विचारू नकोस. मार्चमध्ये तू पाठवलेला फोटो आठवतो ना? काळाभोर गोल आणि त्याच्या कडेनं चढत आलेली उजेडाची कोर. मी स्वतः बाजारात नेऊन त्याला काचेची फ्रेम करून आणली, मागे जाड पुठ्ठा ठोकून. तुझ्या बाबांनी, आमच्या शिखरचंददादांनी, तो आपल्या कापडाच्या दुकानात गादीच्या वर टांगला. पाच महिने येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते की पोरगी अमेरिकेत चंद्राचे फोटो काढते. केनवड गावची माणसं लुगडं घ्यायला आली तरी आधी त्याला हात जोडायची. एक म्हातारी तर म्हणाली की आमच्या गावावरचा चांद इतका साफ नाही दिसत, अमेरिकेत धूळ नसंन उडत.

परवा हायस्कुलातले विज्ञानाचे हेमसिंग मास्तर आले. पोळा तोंडावर, दुकान भरलेलं. मास्तरांनी चष्मा वर केला आणि मोठ्यानं म्हणाले की शेटजी, हा कायचा चांद, हे तं मासोईचं अंडं हाय. हाच फोटो शाळेत येनाऱ्या इंग्रजी मासिकात आला, खाली तुमच्या पोरीचं नाव हाय.

जतन, ज्या जैनाच्या घरात सूर्य बुडाल्यावर घास तोंडात जात नाही, त्या घराच्या दुकानात, गादीच्या वर, अंडं! दादांनी फ्रेम उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले की डिसेंबरात सुट्टीला आली तर धर्मशाळेत उतरेल, या घरच्या भांड्याला हात लावणार नाही.

तुला शिकायला पाठवावं म्हणून मी या भावाशी वर्षभर भांडले. पोरगी जीव मारणार नाही असा शब्द दिला. आणि मास्तर म्हणतात, तू जिवंत अंड्यांना सुया टोचतेस? तुझी आजी सुंदरबाई पाणी गाळल्यावर फडक्यावर उरलेली जिवाणी लोटीत धुऊन घ्यायची आणि परत त्याच विहिरीत अलगद उतरवायची, डोळ्यांना न दिसणारे जीवही मरू नयेत म्हणून. तिची नात तू. लाज वाटली मला.

उत्तर लगेच लिही. लोभ आहेच, तो तुटत नाही याचाच जास्त राग येतो.

तारामती आत्या


समुद्रकाठची प्रयोगशाळा, अमेरिका
ता. ३ सप्टेंबर १९७८

ती. आत्या हिला जतनचा साष्टांग नमस्कार. विनंती काही नाही; विशेष मात्र पुष्कळ आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दरवेळी जास्त चिडले. त्या फोटोच्या मागे मी शाईने लिहिलं होतं की हे माशाचं अंडं आहे, फलन होऊन एक मिनिट झालं आहे आणि उजेडाची लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालली आहे. इंग्रजीत लिहिलं ही माझी चूक. पण आपल्या घरात इंग्रजी वाचणारं माणूस एकच आहे, नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेलं. बाबांना चंद्र कोणी सांगितला? आणि मागे पुठ्ठा कोणी ठोकवला?

आता खरं काय करते ते ऐक. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, आरपार दिसणारं. त्यात काचेच्या बारीक नळीनं एक द्रव्य भरते. ते जेलीफिशमधून काढतात. त्यासाठी पुष्कळ जेलीफिश मरतात. मी मारत नाही, पण वापरते, तेव्हा ते पाप माझ्याही वाट्याचं धर. अंड्यात कॅल्शियम, आपल्या पानाच्या चुन्यात असतं तेच, मोकळं झालं की हे द्रव्य चमकतं. इतकं मंद की भर दुपारी खोली काळी करून, प्रकाश वाढवणाऱ्या यंत्रातून फोटो घ्यावा लागतो. दोन-तीन मिनिटांत लाट अंडं ओलांडते आणि अंडं जागं होतं. पुढे एकाचे दोन भाग होताना तसाच उजेड पडतो का, ते शोधते आहे. काही अंडी मरतात. लपवत नाही.

जी जगतात ती फोटो झाल्यावर मोरीत ओतायची, असा इथल्या प्रयोगशाळेच्या साहेबांचा नियम. पहिल्याच दिवशी मी नाही म्हटलं. साहेब खवळले, म्हणाले की ही प्रयोगशाळा आहे, देऊळ नाही. मीही खवळले. फोटो झालेलं प्रत्येक अंडं मी ज्या टाकीतून घेतलं त्याच टाकीत, जाळीत घालून सोडते. दहा-बारा दिवसांत पिल्लू पोहायला लागतं. बाकीचे माझ्यामागे हसतात, हसू देत. हे मी कुठे शिकले? आजी फडकं धुवायच्या आधी तूच त्यावर तुझं शाळेतल्या बक्षिसाचं भिंग धरायचीस आणि मला ते जीव दाखवायचीस. मी पाच वर्षांची होते. भिंग तुझं, आणि लाज माझी?

धर्मशाळेत उतरायला मी यायची नाही. घर मिळणार नसेल तर तिकीट परत करते. तुझा लोभ खरा असेल तर एकदा बाबांपुढे खरं बोल.

जतन


वाशीम,
ता. १८ सप्टेंबर १९७८

चि. जतन हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

होय, चंद्र मीच म्हटला. फोटो हाती आला तेव्हा आधी उजेड पाहिला, मग मागचं वाचलं. दादा विचारत होते की काय हाय हे. अंडं हा शब्द तोंडातून निघेना. चंद्र निघाला. मग पुठ्ठा आला. गेल्या पत्रात सगळा राग तुझ्या माथी मारला, कारण तो स्वतःवर घेतला असता तर पेलला नसता.

काल क्षमावाणी होती. गावभर लोक हात जोडून एकमेकांची क्षमा मागत होते. मी दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर पुठ्ठा उचकटून दादांना मागचं मराठीत वाचून दाखवलं. चंद्र माझा, पोरीचा नाही, असं सांगितलं. त्यांनी कापड मोजायचा गज असा आपटला की थान गडगडत खाली गेलं. म्हणाले की सख्ख्या बहिणीनं मले अख्ख्या बाजारात येडा बनवलं, त्या मास्तरापुढं. आज क्षमा मागू नको, मिळनार नाही. मीही म्हटलं की पोटच्या पोरीला धर्मशाळा दाखवणाऱ्यानं आज कुणापुढेच हात जोडू नयेत. केनवडचं एक गिऱ्हाईक कापड तसंच टाकून उठलं.

मग तुझं पत्र वाचलं. सगळं, जेलीफिशसुद्धा. मोरीची गोष्ट आली तेव्हा त्यांनी मधेच विचारलं की मंग ते पिल्लं कुठं सोडते म्हने? मी सांगितलं, जिथून घेतली तिथेच.

आज सकाळपासून माझ्याशी अबोला आहे. पण आपल्या विहिरीवर पाणी ओढणाऱ्या जगदेवला मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होते की जिवाणीच्या लोटीले नवा दोर बांध. डिसेंबरात पोरगी येऊन राह्यली. तिचं पाणी तिनंच गाळावं अन् जिवाणी तिनंच उतरवावी. या घरात कोनी तिची चाकरी करनार नाही.

तिकीट परत करू नकोस. तुझ्या साहेबावरचा राग अजून शिल्लक आहे, तो माझ्या नावानं त्याला पोचव.

येताना आणखी एक फोटो आण, एकाचे दोन होतानाचा. उजेड दिसला तर, आणि नाही दिसला तरी. तुझा लोभ आणि तुझा राग, दोन्हींवर माझा हक्क राहू दे.

तारामती आत्या

ता. क. फोटोच्या मागे या वेळी मराठीत लिही. मोठ्या अक्षरात.