तिथे गाळे निघणार नाहीत

मी, श्रीमती रमा दिगंबर पातुरकर, वय ७३, निवृत्त मराठी शिक्षिका व माजी महापौर, राहणार अमरावती, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात न येता आणि कोणालाही न विचारता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. सीमा हरणे यांचा दाखला सोबत जोडला आहे. महापौर असताना असा दाखला कोणी मागितला नाही, शंका मात्र पुष्कळांना होती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवलेच तर ते खोटे समजावे.

१. राहते घर मुलगा केदार व सून देवश्री या दोघांना समान हक्काने देते. नोंद दोघांच्या नावे व्हावी. देवश्रीचे नाव लावायला केदारने टाळाटाळ केल्यास संपूर्ण घर तिचे एकटीचे. बाईच्या नावावर घर असेल तर घरपट्टीत सूट, हा ठराव मी आणला होता. सभागृहात एक सदस्य उठून म्हणाले, "बाईच्या नावावर घर केलं तर नवऱ्यानं राहावं कुठी?" मी म्हणाले, "आजवर ती जशी राहिली, तसंच." ठराव दोन मतांनी मंजूर झाला. माझ्याच घरात त्याची अंमलबजावणी झाली नाही तर लोक तोंडात शेण घालतील.

२. दिवाणखान्यातील सागवानी खुर्ची केदारला. तिची हकीकत त्याला ठाऊक नाही, म्हणून लिहिते. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा माझे यजमान, अ‍ॅड. बापूसाहेब यांनी स्वतःऐवजी मला उभे केले. महापौरपदही त्या वेळी महिलेसाठीच होते, ते माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी दालनात माझ्या खुर्चीशेजारी ही घरची खुर्ची येऊन बसली. शिपाई म्हणाला, "साहेबांसाठी आहे, मॅडम. सह्या कुठी करायच्या ते साहेब सांगतीन." तिसऱ्या दिवशी मी ती ऑटोत घालून घरी पाठवली आणि लेखी आदेश काढला: नगरसेविकांच्या पतींनी दालनात व सभागृहात बसू नये.

बापूसाहेब अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारले, "आज सभेत काय झालं?" त्यानंतर ते जाईपर्यंत रोज विचारत राहिले. तो प्रश्न ऐकायला मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पण केदारने येत्या निवडणुकीसाठी चौकाचौकांत फ्लेक्स लावले आहेत: 'बापूसाहेबांच्या कार्यकाळातील विकासकामे'. बापूसाहेबांचा कार्यकाळ नव्हता. माझा होता. नळाचे वेळापत्रक प्रत्येक गल्लीच्या भिंतीवर रंगवले ते मी. त्याखाली पाणी सोडणाऱ्या माणसाचे नाव आणि फोन नंबर लिहायला लावला तोही मी. केदारने या खुर्चीत बसून माझ्या अडीच वर्षांची इतिवृत्ते वाचावीत. ती तीन कापडी गाठोड्यांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. मग फ्लेक्स लावावेत.

३. लाल दिव्याची गाडी सोडून मी ज्या स्कूटीवर वॉर्डावॉर्डांत फिरले ती नात जुईलीला. ब्रेक करकरतो, तेवढा पाहून घ्यावा.

४. आता तेलंगपुऱ्यातील जुन्या भाजीबाजाराची कोपऱ्यावरची जागा, जिच्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच.

शेंदूरजनाघाटच्या माझ्या वडिलांनी संत्र्याच्या एका बहरावर ती माझ्या नावे घेतली. महापौर झाल्यावर मी त्या बाजारात गेले, तेव्हा पार्बताबाई तायडे मेथीच्या जुड्या बांधत होत्या. ऊन मी म्हणत होते. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी हात आडवा धरला. "नोको बाई. आमी सकायपासून पाणी पेत नाई."

"काहून?"

"पेलं तर जावं कुठी?"

मी मान खाली घालून परत आले. पुढच्याच सभेत धोरण मांडले: महिलांच्या स्वच्छतागृहाशिवाय एकाही बाजाराला वा संकुलाला परवानगी नाही. ते मंजूर झाले. जुन्या भाजीबाजारात मात्र 'जागा नाही' असे उत्तर तीनदा मिळाले. म्हणून मी ही जागा काढली, निवृत्तीच्या पैशातून बांधकाम केले आणि सगळे पालिकेला दान करण्याचा ठराव आणला.

त्या ठरावात टंकलिपिकाने 'महिला स्वच्छतागृह' ऐवजी 'महिला स्वच्छताग्रह' लिहिले. मुलांचे ऱ्हस्वदीर्घाचे अर्धे अर्धे गुण एकतीस वर्षे कापणाऱ्या मी न वाचता सही ठोकली. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला: 'स्वच्छताग्रह नावाचे कोणतेही बांधकाम नियमात आढळत नाही, सबब दान स्वीकारता येत नाही.' विरोधी पक्षनेते खुशालराव ढोरे तर सभागृहात म्हणाले, "मास्तरीणबाई, सत्याग्रह ऐकला होता, हे काय नवं काढून राहिल्या?" मी म्हणाले, "स्वच्छता अधिक आग्रह. संधी बरोबर आहे." वरून हसले, पण घरी येऊन रडले. दुरुस्तीचा ठराव येईपर्यंत माझी मुदत संपली आणि जागा माझ्याच नावावर राहिली.

आज त्या चुकीचे मी उपकार मानते. बाजूच्या ज्या दोन जागा सार्वजनिक होत्या, तिथे मोबाइलची दुकाने झाली. स्वच्छतागृह उभे आहे, कारण ते अजून माझे आहे.

गेल्या महिन्यात केदार एका बिल्डरला घेऊन घरी आला. "आई, सहा गाळे निघतात तिथं. संडासासाठी कोणी कॉर्नरची जागा ठेवते का?" मी ठेवते. केदार, तू माझा मुलगा आहेस आणि तुझ्यावर माझी माया आहे, म्हणून तुला घर दिले. ही जागा देत नाही.

ही जागा बांधकामासह मी भाजी विकणाऱ्या महिलांच्या नोंदणीकृत संस्थेला देते, जिच्या अध्यक्ष पार्बताबाई आहेत. ती विकता, गहाण ठेवता वा भाड्याने देता येणार नाही. आत जायला पैसे घेऊ नयेत. माझ्या ठेवींचे व्याज दुरुस्तीला आणि झाडणाऱ्या बाईच्या पगाराला वापरावे.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी देवश्रीने करावी. ती कमी बोलते आणि कागद नीट वाचते. तिला केदारशी भांडावे लागेल याची मला जाणीव आहे, आणि त्याबद्दल मी तिची माफी मागते.

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम खुशालरावांना बोलावले. म्हणजे हे पक्षाचे राजकारण आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. ते म्हणाले, "बाई, पूरं वाचून दाखवा. मंग करतो सही." पूर्ण वाचून दाखवले. चौथ्या कलमाला त्यांनी चष्मा काढून पुसला.

६. मी गेल्यावर सभागृहात शोकप्रस्ताव मांडून सभा तहकूब करू नये. मेलेल्या माणसाच्या नावाने कामाला सुट्टी घ्यायची ही जुनी खोड आहे. विषयपत्रिका पूर्ण करावी, मग हवे तर दोन मिनिटे उभे राहावे.

आणि बाजारातील बायांनी दुखवटा म्हणून त्या दिवशी स्वच्छतागृहाला कुलूप लावू नये. मी गेले त्या दिवशीही त्यांनी पोटभर पाणी प्यावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, शुद्धलेखनही तपासले आणि मगच सही केली.

ठिकाण: अमरावती
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

(सही) रमा दिगंबर पातुरकर

साक्षीदार, आम्हां दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) खुशालराव ढोरे, शेती, हल्ली राहणार बाळापूर
२. (सही) डॉ. सीमा हरणे, अमरावती